लांबची वाट, लवकरचे विमान

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान प्रथमच पॅसिफिक महासागरावरून गेले. सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर त्याने साडेचौदा तासांत कापले. अटलांटिकवरची आधीची वाट सुमारे १,४०० किलोमीटरने आखूड होती. तरी त्या वाटेने जवळजवळ दोन तास अधिक लागत. ही बातमी देशभर गाजली, आणि तिच्यासोबत एक चुकीचे स्पष्टीकरणही गाजले: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते.

पृथ्वीचे फिरणे असे थेट उपयोगी पडत असते, तर लाभ पश्चिमेकडे जाणाऱ्याला झाला असता. मुक्कामाचे ठिकाणच त्याच्या दिशेने सरकत आले असते. तसे होत नाही, कारण वातावरण पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. परिवलनाचा हात आहे तो अप्रत्यक्ष. विषुववृत्ताकडील उष्ण हवा ध्रुवाकडे निघते आणि परिवलनामुळे तिची दिशा पूर्वेकडे वळते. त्यातून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारी जेट स्ट्रीम तयार होते. त्या उड्डाणाचा जमिनीसापेक्ष सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या वर जातो. बोइंग ७७७चा हवेसापेक्ष वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. उरलेला वेग वाऱ्याने दिला. (असे आकडे पाहून विमान ‘ध्वनीच्या वेगाने’ गेल्याचे मथळे देणाऱ्यांनी वेग कशाच्या सापेक्ष, एवढे तरी विचारावे.)

जाताना मिळालेले येताना फिटते, हाही गैरसमज. अंतर १२,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९०० आणि वाऱ्याचा १०० धरावा. वारा नसेल तर जाऊन-येऊन २६ तास ४० मिनिटे लागतात. वारा असेल तर १२ अधिक १५, म्हणजे २७ तास. त्याच वाटेने परतणाऱ्याला वारा तोट्यातच घालतो, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ अडकते. शालेय पुस्तकांत वेग-अंतर-काळाची आगगाडीची उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या शेजारी हे एक विमान सहज बसले असते.

‘दोन विमानतळांतील अंतर’ म्हणून संकेतस्थळे जो आकडा देतात, तो पृथ्वीगोलावरील सर्वांत आखूड रेषेचा, म्हणजे महावृत्ताचा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोसाठी तो सुमारे १२,४०० किलोमीटर येतो. ती रेषा हिमालय, तिबेट आणि सैबेरियावरून जाते. तिबेटच्या पठारावर केबिनमधील दाब गेला, तर सुरक्षित उंचीपर्यंत खाली उतरायला जागाच नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विमानप्रवासाचे कार्बन उत्सर्जन सर्रास किलोमीटरवरून काढले जाते. प्रत्यक्ष कापलेले किलोमीटर मोजले, तर पॅसिफिकची वाट दहा टक्क्यांनी अधिक दोषी ठरते; पण विमान हवेत कमी तास राहिल्याने इंधन तिथेच कमी जळते. महावृत्त धरले, तर दोन्ही वाटा सारख्याच ठरतात. हिशेब उड्डाणाच्या तासांवरून व्हायला हवा, आणि बातम्यांनीही तोच आकडा आधी द्यावा. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या अनेक उड्डाणांचा वेळ वाढला. संकेतस्थळांवरचे दिल्ली–लंडन अंतर मात्र एका किलोमीटरनेही हलले नाही.