पत्र आमदाराचे की शाळेचे?

मध्य प्रदेशातील सौसर तालुक्यातले बोरगाव आपल्या किनाऱ्यापासून फार दूर. भाषा मात्र आपलीच, आणि खोडही आपलीच. मुलाला डॉक्टर करायचे ठरले की पालक प्रथम आमदाराच्या दारी शिफारसपत्रासाठी तिष्ठत बसतो. ‘नीट’च्या गुणवत्तायादीपुढे त्या पत्राची किंमत शून्य आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजलाही ही परीक्षा चुकलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसा निर्वाळाच दिला.

खरे वजन आहे ते शाळेच्या दफ्तरातून निघणाऱ्या साध्या दाखल्याला. (त्यात स्तुतीचा एक शब्द नसतो, हे विशेष!) सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मध्य प्रदेशाने २०२३ साली एम.बी.बी.एस.च्या ५ टक्के जागा राखल्या. शिकवणीवर्गांच्या ओढीने दहावीनंतर मुलाला नागपूरला धाडणारा बोरगावचा पालक या सवलतीला मुकतो. आणि दहावी महाराष्ट्राबाहेर झाल्यामुळे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातही त्या मुलाला सहसा थारा नाही. हे त्याला वेळीच कोण सांगणार? पत्रे वाटणाऱ्या लोकप्रतिनिधींनी निदान हे नियम मराठीत छापून सौसरच्या प्रत्येक शाळेत लावावेत, तेही मूल नववीत असतानाच.