आजीने एकदाच स्वयंपाक केला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले. आमची एक सर्व्हिस लटकली होती. माझ्या टीममधल्या मित्राने ती रीस्टार्ट केली. आता अडकलेले जॉब्ज पुढे ढकलायचं काम मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या टीमचं. तिकडे भर दुपार. म्हटलं, वर्षभर दर शनिवारी स्पॅनिशच्या क्लासला जातोय, आज दाखवूच. चॅटवर ऐटीत टाकलं, 'रेइनीस्यो एल सेर्वीस्यो', आणि लॅपटॉप मिटून झोपलो.

मला म्हणायचं होतं, 'त्याने सर्व्हिस रीस्टार्ट केली.' त्यासाठी पहिल्या शब्दातल्या शेवटच्या 'ओ'वर एक तिरकी रेघ द्यावी लागते, म्हणजे जोर शेवटी जातो. कीबोर्डवर ती रेघ कोण शोधणार, म्हणून मी दिली नाही. रेघेशिवाय त्याच शब्दाचा अर्थ होतो 'मी रीस्टार्ट करतो'. झालं! ग्वादालाहारावाले माझी वाट बघत बसले आणि मी पुण्यात घोरत. सकाळी उठलो तर इनबॉक्समध्ये क्लायंटच्या मेलांची रांग, आणि नऊच्या कॉलवर मॅनेजरला 'एक स्वल्पविरामाएवढी रेघ राहिली' हे कारण सांगायची वेळ. पुन्हा सांगावं लागू नये असं कारण आहे ते :)

त्या दिवसापासून मी स्पॅनिशच्या काळांकडे जरा गंभीरपणे बघायला लागलो. बघता बघता माझं एक मत झालं. मराठी माणसाने स्पॅनिश क्रियापद इंग्रजीतून शिकणं म्हणजे घरात विहीर असताना शेजाऱ्याकडून टँकर मागवणं.

आमच्या क्लासची पद्धत ठरलेली. पुस्तक इंग्रजीतलं. पहिल्याच दिवशी 'आब्लार' म्हणजे बोलणे, या क्रियापदाचा तक्ता. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मग दर महिन्याला एक नवा काळ, सहा नवे डबे. शाळेतलं रामः रामौ रामाः आठवून निम्मा वर्ग तिथेच गारद. पुस्तक मात्र कौतुकाने समजावतं की बघा हं, स्पॅनिशमध्ये कर्ता नाही सांगितला तरी चालतो, क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं! अहो, यात नवल काय? 'उद्या येईन' म्हटल्यावर कोण येणार हे आपल्याकडे कुणी विचारतं का? इंग्रजाला नवल वाटतं, कारण त्याच्याकडे शेपट्या झडून गेल्या. आपल्या जागच्या जागी आहेत. 'तू बोलतोस' मधला 'स' आणि 'आब्लास' मधला 'स' बघा. संस्कृतचा 'सि' आणि लॅटिनचा 'स' हे सख्खे भाऊबंदच.

खरी गंमत भूतकाळात आहे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. आब्ले, आब्लास्ते, आब्लो हा एक, यात जोर शेवटी (फक्त 'आब्लास्ते'मध्ये मधल्या 'ला'वर). आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा हा दुसरा. कुठला कधी वापरायचा यावर पुस्तकात बारा पानं आहेत, बाण आणि टाइमलाइन काढून. मी ती बारा पानं पाठ केली आणि कुटुंबातल्या एका व्यक्तीवर दहा वाक्यं लिहा म्हटल्यावर आजीवर लिहिली. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तिच्यावर दहा काय शंभर लिहिली असती. पहिलंच वाक्य, 'मी आबुएला कोसिनो मुय ब्येन.' म्हणजे माझ्या मते 'माझी आजी फार छान स्वयंपाक करायची.'

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "फक्त एकदाच?"

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येताना बाइकवर ते डोक्यातून जाईना. मी लिहिलं होतं 'आजीने फार छान स्वयंपाक केला'. जेवण झालं, ताटं उचलली, विषय संपला. मराठीत माझ्या तोंडून असं वाक्य जन्मात निघालं नसतं. मग स्पॅनिशमध्ये का निघालं? कारण मी डोक्यात आधी इंग्रजी वाक्य बनवलं आणि मग त्याचं भाषांतर केलं. इंग्रजीत आजीने काल एकदा रांधलेलं आणि आयुष्यभर रांधलेलं एकाच रूपात बसू शकतं. सवय दाखवणारी वेगळी रचना त्यांच्याकडेही आहे, पण ती वापरलीच पाहिजे असं नाही. मराठीत 'केला' आणि 'करायची' यांची गल्लत चार वर्षांचं पोरही करत नाही. स्पॅनिशमध्येही तेच. 'कोसिनो' म्हणजे केला. 'कोसिनाबा' म्हणजे करायची. बारा पानं गेली उडत!

हा 'आबा'वाला काळ आपल्या 'बोलायचो'चं आणि 'बोलत होतो'चं काम एकट्यानेच करतो. शाळेत दोन मार्कांसाठी घोकलेला रीतिभूतकाळ, 'मी बोलत असे', तोही त्यात आला. म्हणजे इथे आपली भाषा जास्त बारीक दळते. शिवाय स्पॅनिशमध्ये संपूर्ण भाषेत या काळात फक्त तीन क्रियापदं अनियमित आहेत. आणि 'मी बोललो, मी भाजी चिरली, मी आंबे खाल्ले' असला कर्माच्या मागे धावणारा प्रकार तिथे नाहीच. मराठी भूतकाळ येणाऱ्याने स्पॅनिश भूतकाळाला घाबरायचं म्हणजे कमाल आहे.

'बोलावं'चंही तसंच. 'तू बोलावंस असं मला वाटतं' याला स्पॅनिशमध्ये 'क्येरो के आब्लेस'. पुस्तक यावर मनःस्थिती, शंका, इच्छा असं काहीतरी तत्त्वज्ञान सांगत बसतं. आपल्याकडे 'तू बोलतोस' वेगळं आणि 'तू बोलावंस' वेगळं, बस. दोन्ही भाषांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य, पण पहिल्या दिवशी धक्का तरी बसत नाही. 'उस्तेद' म्हणजे आदरार्थी तुम्ही, त्याला तृतीयपुरुषी क्रियापद का लागतं, हाही क्लासमधला आवडता प्रश्न. 'उस्तेद' हे मूळ 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. ऐतिहासिक नाटकात समोर उभ्या असलेल्या महाराजांना 'महाराजांनी विश्रांती घ्यावी' म्हणतात ना, तीच चाल.

भविष्यकाळ तर इंजिनिअरला आवडावा असा आहे. मूळ क्रियापद आख्खं घ्यायचं आणि त्याला 'आबेर'ची वर्तमानकाळी रूपं चिकटवायची. आब्लार अधिक ए, आब्लारे, बोलेन. आब्लार अधिक आस, आब्लारास, बोलशील. 'आबेर' म्हणजे जवळ असणे, म्हणजे मुळात 'मला बोलायचं आहे' अशातलाच प्रकार. नेब्रिहाने 1492 साली स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं त्यातही ही जोडणी नोंदवलेली आहे. पाचशे वर्षं जुनं डॉक्युमेंटेशन, आणि आमच्या पुस्तकाला ते सांगावंसं वाटलं नाही.

आता तक्ता अजिबात नको असं मी म्हणत नाही. घोकंपट्टीला पर्याय नाही अशी एक जागा आहेच, आणि ती म्हणजे माझा जिथे कपाळमोक्ष झाला ती. जोर. मराठीत जोर बदलून काळ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्या बाबतीत ठार बहिरा. 'आब्लो'मध्ये जोर 'आ'वर, तर मी बोलतो. 'ओ'वर, तर तो बोलला. 'आब्ले'मध्ये जोर 'आ'वर, तर बोलावं. 'ए'वर, तर मी बोललो. 'आब्लारा'मध्ये मधल्या 'ला'वर, तर बोलला असता तर. शेवटच्या 'रा'वर, तर बोलेल. एका रेघेवर झालेलं, होणारं आणि न झालेलं इकडचं तिकडे. इथे मात्र मोठ्याने म्हणत, टेबलावर ठेका धरत पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या रूममेटला विचारा, बिचारा हेडफोन लावून झोपतो.

असो. फोनच्या कीबोर्डवर 'ओ' दाबून धरला की रेघवाला 'ओ' मिळतो, हे मला वर्षभरानंतर कळलं. आजीची वाक्यं परत लिहिली. दहाच्या दहा 'आबा'त लिहून नेली, तर मॅडमनी एक कापलंच. 'आजी मार्चमध्ये गेली' हे वाक्य. ते एकदाच.