नाव एकच, कार्ड दोन! कमी बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड घेताना नेमकं काय बघायचं?

पहिला गेमिंग पीसी जुळवायचा म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, नाहीतर ऑनलाइन शोधा, प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या बजेटमध्ये कोणतं कार्ड बसेल? उत्तर म्हणून एक नाव आणि एक आकडा मिळतो. घरून मोजून मिळालेले पैसे त्या नावावर खर्च होतात. अडचण अशी की, स्वस्त कार्डांच्या बाबतीत नुसत्या नावावरून कार्ड ओळखता येत नाही. त्यात आता मेमरी महागल्यामुळे निवड चुकली तर फटकाही मोठा बसतो.

नावात नेमकी गोम काय?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे सगळ्यात सोपं उदाहरण. जानेवारी २०२२ मध्ये ते ८ जीबी मेमरी आणि २५६० कोअर घेऊन आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाचं ६ जीबीचं कार्ड आलं. त्यात मेमरी तर कमी होतीच, पण कोअरही २३०४ होते आणि मेमरीपर्यंत जाणारा रस्ता १२८ बिटवरून ९६ बिटवर आला होता. म्हणजे फरक फक्त २ जीबीचा नव्हता, कार्डच हळू होतं.

जीटी १०३० चंही असंच झालं. २०१७ च्या मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती, २०१८ मध्ये त्याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांशावर घसरला. एएमडीच्या आरएक्स ५८० मागे ‘२०४८एसपी’ लिहिलेलं दिसलं, तर आत जवळपास आरएक्स ५७० च आहे असं समजायचं.

नव्या कार्डांमध्येही ही गंमत सुरूच आहे. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते फक्त नाव.

मेमरीला एवढं महत्त्व का?

कार्डची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. लागणारं सगळं सामान ओट्यावर मावलं तर काम झरझर होतं. मावलं नाही तर दर वेळी आतल्या खोलीतून डबा आणावा लागतो. गेममधली चित्रं, भिंती, सावल्या कार्डच्या मेमरीत मावल्या नाहीत की पीसीच्या साध्या रॅममधून आणाव्या लागतात. ऐन मारामारीत गेम अडखळतो, तो बऱ्याचदा यामुळेच. मदरबोर्ड जुना असेल तर हा रस्ता आणखी अरुंद असतो, त्यामुळे अडखळणं वाढतं.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ या दोन्ही गेम्सनी किमान अट म्हणूनच ८ जीबी मेमरी आणि रे ट्रेसिंग करू शकणारं कार्ड मागितलं. कालपर्यंत पुरेशी वाटणारी ८ जीबी आता सुरुवातीची पायरी झाली आहे.

पण जीबी जास्त म्हणजे कार्ड भारी, असंही नाही. डीडीआर३ मेमरीचं ४ जीबीवालं जीटी ७३० बाजारात दिसतं. ओटा मोठा असला तरी स्वयंपाक करणारा हात संथ असेल, तर जेवण वेळेवर होत नाही.

हा विषय आत्ताच का तापलाय?

कारण एआय. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतांश मेमरी बनवतात. एआय डेटा सेंटरला लागणारी महागडी मेमरीही त्याच बनवतात. जास्त नफा जिथे आहे तिथे उत्पादन वळलं आणि २०२५ च्या अखेरीस साध्या मेमरीचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

एनव्हिडियाचे आकडेही बोलके आहेत. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात गेमिंगमधून कंपनीला सुमारे १२.५ अब्ज डॉलर मिळाले होते, डेटा सेंटरमधून १०.६ अब्ज. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात गेमिंग ११.४ अब्जांवर होतं आणि डेटा सेंटर ११५ अब्जांवर. स्वस्त कार्ड घेणारा गिऱ्हाईक आता कंपनीसाठी पहिल्या रांगेत नाही.

मग कोणी काय घ्यावं?

फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा जीटीए ५ खेळायचं असेल, तर आधी कार्ड खरंच हवंय का ते बघावं. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स कमी सेटिंगवर हे गेम चालवतं. फक्त रॅमची एकच मोठी पट्टी न लावता दोन लावाव्यात, वेगात मोठा फरक पडतो.

ऑफिसमधून निघालेला जुना पीसी असेल आणि पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर नसेल, तर ६ जीबीचं ३०५० कामाचं ठरतं. ते ७० वॅटवर चालतं आणि त्याच्या बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायर लागत नाही.

नवा पीसी जुळवून फुल एचडीवर नवे गेम खेळायचे असतील, तर तीन नावं समोर येतात. इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० अमेरिकेत २४९ डॉलरला आलं. मात्र त्याला ‘रिसायझेबल बार’ चालणारा मदरबोर्ड लागतो आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० आलं २९९ डॉलरला, तर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी ३४९ डॉलरला. हे भाव बाजारात आले तेव्हाचे आणि कराशिवायचे आहेत. भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल आणि दुकानातला फरक परवडत असेल, तर १६ जीबीसाठी वरचे पैसे टाकणं शहाणपणाचं.

सेकंड हँड कार्ड घ्यावं का?

घेता येतं, पण डोळे उघडे ठेवून. स्वस्तात मिळणारी जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० ही कार्डं दहा वर्षांपूर्वीच्या पिढीतली. नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर त्यांना ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट मिळतील. शिवाय जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकण्याचे प्रकारही होतात. म्हणून पैसे देण्याआधी कार्ड पीसीला लावून ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघावं. नाव, कोअर आणि मेमरी तिथे दिसते, बरीच बनावट कार्डंही ते ओळखतं. मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तर उत्तमच.

थोडक्यात, दुकानात जाताना कार्डाचं नुसतं नाव लिहून नेऊ नये. सोबत किती जीबी, कोणती मेमरी, आपला पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि मदरबोर्ड कोणता, हेही लिहावं. आणि बिलावर कार्डाचं पूर्ण मॉडेल मेमरीसकट लिहून घ्यावं. पुढे भांडायची वेळ आलीच, तर तोच कागद कामी येतो.