कोयत्याच्या हंगामात गावसभा कुणाची?

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्यायच्या, असे कायदा सांगतो. प्रथेप्रमाणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे होतात. दिवस चांगले आहेत, झेंडावंदनाचे आहेत. पण केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या आसपास कष्टकरी बाईचे वर्ष या दिवसांवर चालत नाही. ते कोयत्यावर चालते. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. गाळप संपून ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे २६ जानेवारीला गावात जी सभा भरते, तिच्यात म्हाताऱ्या, लहान पोरे आणि ज्यांना ऊसतोडीला जावे लागत नाही अशी घरे एवढीच उरतात. मग ठरावात ‘सर्वानुमते’ लिहिले जाते, त्यातले ‘सर्व’ कोण?

बायकांसाठी कायद्यात तरतुदी नाहीत असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्राने १९९० सालीच पंचायतींत ३० टक्के जागा बायकांना दिल्या. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. २००३ साली ग्रामपंचायत कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणे बंधनकारक झाले. आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे जे मागितले त्यातले बरेच कागदावर आले आहे.

पण कागदावरची महिला सभा आणि पारावरची महिला सभा यांत किती अंतर आहे, हे मी गावोगाव हिंडताना पाहते. एका गावात सभेची दवंडी झाली नाही; शिपाई वही घेऊन घरोघर फिरला आणि अंगठे घेऊन गेला. दुसऱ्या गावात सभा भरली, पण खुर्चीवर सरपंचबाईंचे यजमान बसले. तिसरीकडे बायका बोलल्या. पाण्यावर बोलल्या, दारूवर बोलल्या, अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यावर बोलल्या. वहीत मात्र ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ एवढेच आले. चर्चा झाली म्हणजे मागणी संपली! दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सभेत त्या बोलण्यातले एक अक्षर वाचले गेले नाही.

याची किंमत काय पडते ते बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे आमच्या वाड्या-तांड्यांवर बायकांना ठाऊक होते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, उचल फिटायची राहणार. पाळी, अंगावरून जाणे, पोटात दुखणे हे सगळे त्या हिशेबात ‘खाडा’च. २०१९ साली बातम्या आल्या, संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहा बायकांत एक. हा प्रश्न वर गेला तो वर्तमानपत्रांतून. गावच्या सभेच्या वहीतून तो आधीच वर गेला असता, तर किती जणींचे ऑपरेशन टळले असते?

आता गावाच्या आराखड्याचे बघा. २०१८ पासून गावविकासाचा आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू करून वर्षअखेरपर्यंत चालवायची पद्धत पडली. नेमक्या त्याच दिवसांत आमची बाई फडावर पाचटात मोळ्या बांधत असते. गावाच्या पैशाचा वर्षाचा बेत तिच्या पाठीमागे होतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला-बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च व्हावा हे ठरवायलाही ती नसते.

दारूबंदीचा नियम तर याहून बोलका आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पाव हिश्शाने बाया-मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर परवान्याच्या दुकानासाठी गुप्त मतदान होते: उभी बाटली की आडवी बाटली. पण बाटली आडवी व्हायला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात. जी बाई फडावर आहे तिचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडल्यासारखेच होते. हे मतदान हंगामात लावले, तर न लढता हार!

काहीजण म्हणतात, बायकांनाच सभेची हौस नाही. मला हे मान्य नाही. ज्या सभेतून काही निघत नाही तिथे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कोण येईल? आणि भीतीही आहे, ती नाकारून चालणार नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी याच केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. निवडून आलेल्या गडीमाणसाची ही गत, तर प्रश्न विचारणाऱ्या बाईला घरचे ‘गप बस’ म्हणणारच. म्हणूनच एकटीने उठून विचारण्यापेक्षा पन्नास जणींनी मिळून, लेखी विचारावे. पन्नास सह्यांच्या अर्जावर कुणा एकीकडे बोट दाखवता येत नाही. आणि पाण्याच्या, दारूच्या, दवाखान्याच्या प्रश्नावर सगळ्या जातींच्या बायका एका कागदावर येऊ शकतात, हे आज आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगण्याची गरज आहे.

मग करायचे काय? चार सभा ही कमीत कमी संख्या आहे. जास्त सभा घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा पहिली मागणी: एक खास महिला ग्रामसभा बिऱ्हाडे निघण्याआधी, दसऱ्याच्या अलीकडे, आणि एक ती परतल्यावर. आराखड्यातल्या बायकांच्या मागण्या पहिल्या सभेत ठरून वहीत चढाव्यात. दुसरी मागणी: ठराव त्याच ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सह्या-अंगठे घ्यावेत. तिसरी: जाणाऱ्या बायकांची यादी सभेपुढे यावी. कोण गरोदर आहे, कुणाची पोरे मागे राहणार, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणार का, हे त्याच दिवशी विचारले जावे. चौथी: परतल्यावरच्या सभेत आधीच्या ठरावांचे काय झाले याचा हिशेब द्यावा.

ठराव झाला म्हणजे सगळे झाले असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. प्रथा एका ठरावाने मरत नाही, हे आपण जाणतो. पण एका गावाच्या वहीतली ओळ मंत्रालयापर्यंत जाऊ शकते, हे तर दिसले.

मैत्रिणींनो, मुकादमाच्या वहीत आमची बाई अर्धा कोयता आहे. मतदार यादीत ती पुरी एक आहे. गावसभेच्या वहीत तिला पुरी एक म्हणून उभे करायचे, तर सभेची तारीख तिच्या वर्षाप्रमाणे ठरली पाहिजे. आपापल्या गटांनी येत्या दसऱ्याच्या महिनाभर आधीच ग्रामपंचायतीकडे हा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नका.