वेगालाही आखाडा हवा

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहायचे तर पाऊस, प्रेम किंवा बेकारी यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मोटारींवर लिहायचे ते तंत्रनिकेतनातल्या मंडळींनी! तरीही मी आज एका जुन्या मारुती ८०० विषयी लिहिणार आहे, आणि प्राध्यापकवर्गाने पान उलटण्यापूर्वी निदान पुढचा परिच्छेद वाचावा, एवढीच नम्र विनंती आहे.

सन २०२२ च्या पावसाळ्यात, मी प्रथम वर्षाला असताना, पन्हाळ्याच्या वाटेवर एक शर्यत लागली. एका बाजूला आमच्याच वर्गातला एक मित्र त्याच्या मोटारसायकलवर, आणि दुसऱ्या बाजूला माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्याच्या मारुतीत. एका वळणावर मित्र आम्हांला मागे टाकायला गेला आणि समोरून दुधाचा टेम्पो आला. मित्र वाचला; पण आज त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्या मारुतीत दादाशेजारी मी बसलो होतो. 'दाब, दाब' असे ओरडणाराही मीच होतो. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "लिही. फक्त मला बिचारा म्हणू नकोस."

त्यानंतर घरात जे व्हायचे ते झाले. मामांनी गाडीची किल्ली कपाटात टाकली आणि गिऱ्हाईक शोधू लागले. मामींनी अन्न सोडले. अशा वेळी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री घरी आले. तरुणपणी त्यांनी तालमीत माती अंगाला लावलेली. त्यामुळे सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. ते मामांना म्हणाले, "पोराला रग हाय म्हणून कोंडून घालून रग जिरत न्हाई. तालमीत घाला."

माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. आखाड्यात माती मऊ असते, पंच असतो, नियम असतात, जोड तोलामोलाची लावतात. तीच झटापट भर रस्त्यात झाली तर तिला आपण कुस्ती म्हणत नाही. मारामारी म्हणतो आणि पोलिसांना बोलावतो. वेगाचेही असेच आहे. तरुण रक्ताला वेगाचे वेड असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या वेडाला आखाडा कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

असे आखाडे आपल्या देशात आहेत, पण थोडे. पूर्वी मोटारींच्या शर्यती मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातील धावपट्टीवर होत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक झाला. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ सालचा. ग्रेटर नोएडाचा पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा बुद्ध सर्किट २०११ मध्ये झाला आणि २०१३ पर्यंत तेथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. यांपैकी 'कारी' हे नाव मला फार मोलाचे वाटते. ते एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ आहे. सामान्य मुलाला शर्यतीचे दार उघडावे म्हणून या गृहस्थांनी मारुतीचे स्वस्त भाग वापरून छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, हाही सुरुवातीला 'फॉर्म्युला मारुती'तच धावला होता. म्हणजे आपल्या आळीत भाजी आणायला जाणारे इंजिन अगदीच उपेक्षणीय नव्हे!

तर, दादाने कोईमतूरच्या 'ट्रॅक-डे'ला जायचे ठरवले. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून नाव नोंदवायचे, गाडी तपासून घ्यायची, हेल्मेट घालायचे आणि ठरलेल्या वेळी थोड्या थोड्या गाड्यांनी मोकळ्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या. पुढच्याला कोठे ओलांडायचे हे ठरलेले असते. पिवळे निशाण दिसले की सावध व्हायचे, लाल दिसले की फेरी संपली. समोरून दुधाचा टेम्पो येत नाही, हा सर्वांत मोठा फरक.

आमची गाडी २००९ सालची. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, सुमारे ३७ अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. दादाने साठवलेल्या पैशांतून काय केले असेल? मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, भडक रंगाचा एअर फिल्टर आणि काचेवर एक पट्टी! वस्तादांनी सायलेन्सरकडे पाहिले आणि विचारले, "ब्रेक ऑइल कधी बदललंस?" दादाला आठवेना. "आधी थांबाय शीक, मग पळ," एवढे बोलून ते कामाला लागले. पण निघायची घाई होती आणि ते काम राहूनच गेले.

साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आम्ही २०२४ च्या जानेवारीत कोईमतुरास पोचलो. पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या. चौथ्या फेरीत सरळ पट्टीच्या शेवटी दादाने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेले. गाडी वळण सोडून बाहेरच्या मोकळ्या जागेत शिरली आणि थांबली. कोणालाही खरचटले नाही. दादा बाहेर आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि मला पन्हाळ्याचे ते वळण दिसत होते.

काय झाले होते? गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातील ऊर्जा चौपट होते. ताशी ५० ऐवजी १०० वरून थांबायचे तर ब्रेकला चौपट उष्णता गिळावी लागते, आणि ट्रॅकवर ती दर वळणाला गिळावी लागते. ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ३' प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला, 'डॉट ४' किमान २३० अंशांना उकळते. पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी मात्र पुढे! काही शे रुपयांची बाटली आणि तासाभराची मेहनत आम्ही वाचवली होती. त्याच्या कितीतरी पट सायलेन्सरवर उधळून.

त्या रात्री एका गॅरेजात नवे 'डॉट ४' ऑइल भरून चारही चाकांची हवा काढली, पुढचे पॅड बदलले. दुसऱ्या दिवशी दर फेरीअखेर टायरची हवा तपासली. टायर दहा अंशांनी तापला की दाब एक-दीड पौंडाने वाढतो, म्हणून ती थोडी उतरवली आणि घरी निघताना पुन्हा भरली. चाकांचे नट पान्याने पाहिले. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवले. डिकीतली स्टेपनी, जॅक, पायाशी लोळणारी पाण्याची बाटली, सगळे बाहेर काढले. ती बाटली पेडलखाली अडकली असती तर नवे ऑइलही कामास आले नसते. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ दिले आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवली. इंजिनला कोणी हात लावला नाही. तरीही त्या दिवशी दादा आदल्या दिवसापेक्षा चांगली गाडी चालवत होता, कारण आता त्याचा ब्रेकवर विश्वास होता. छोट्या गाडीचा हाच मोठा गुण आहे. ताकद कमी असल्याने चूक झाकली जात नाही. वळणात उगाच वेग गमावला तर तो परत मिळवायला अर्धी सरळ पट्टी जाते. माणूस आपसूक नीट चालवायला शिकतो.

कायद्याचीही येथे अडचण नाही, उलट मदत आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांमुळे रस्त्यावरच्या गाडीची कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही. पुष्कळ मित्रांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. ज्या गाडीतून घरी परत यायचे, तिच्यात ताजे ऑइल, चांगले पॅड, मूळ मापाचे उत्तम टायर आणि नेमके अलाइनमेंट एवढेच करावे. आणि शिकणाऱ्याला तेवढेच लागते. ज्याला गाडी पोकळ करून आत लोखंडी पिंजरा बसवायचा आहे, त्याने ती ट्रकवर घालून ट्रॅकवर न्यावी. आमचा सायलेन्सरही परत आल्यावर वस्तादांनी उतरवला.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. पेट्रोल जाळून गोल फिरण्यात कसला पुरुषार्थ? आक्षेप खोटा नाही. प्रवेश-फी, पेट्रोल, टायर, प्रवास यांत दादाची दोन वर्षांची शिल्लक गेली. पण यातून ट्रॅक वाईट असा निष्कर्ष निघत नाही. ट्रॅक दूर आणि महाग आहे, एवढाच निघतो. पिंपरी-चाकणला मोटारी बनतात, आमच्या उद्यमनगरात व शिरोलीत त्यांचे सुटे भाग ओतले जातात. ज्या मुलखाच्या हाताला लोखंडाची एवढी ओळख आहे, तेथे जिल्ह्याजिल्ह्याला एखादी मोकळी पट्टी, चार निशाणे आणि एक जाणता वस्ताद मिळणे अशक्य का असावे? तालमी गावोगाव उभ्या राहिल्या, त्या काही फक्त श्रीमंतांच्या पैशांवर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ट्रॅकवर वेगाची चटक लागली की पोरे रस्त्यावरही तसेच करतील. सर्वांविषयी मी बोलू शकत नाही. दादाविषयी सांगतो. ज्या माणसाने ब्रेकचे पेडल तळाला गेलेले अनुभवले आहे, तो पन्हाळ्याच्या वळणावर काय काय अचानक घडू शकते हे ओळखून असतो. परतीच्या साडेनऊशे किलोमीटरांत त्याने एकदाही धोक्याने कोणाला ओलांडले नाही. मी शेजारीच बसलो होतो. या वेळी गप्प.

आपल्या महाविद्यालयात रस्ता-सुरक्षा सप्ताह दरवर्षी होतो. भाषणे होतात, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात आणि संध्याकाळी फाटकाबाहेर तेच सायलेन्सर कर्कश वाजतात. माझी सूचना साधी आहे. यंदा एक भाषण कमी करावे आणि वस्तादांना बोलवावे. मैदानावर एक गाडी उभी करून तिचे चाक उतरवावे, पॅड किती झिजला ते प्रत्येकाने पाहावे, ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले ते आपापल्या घरी विचारावे. आणि आमच्या पिढीला 'हळू चालवा' एवढेच सांगू नये. जोरात चालवायची जागा कोणती, तेही दाखवावे.

पुढच्या खेपेला आमच्याबरोबर तो मित्रही येणार आहे. फेऱ्यांची वेळ घड्याळावर मोजायचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले आहे. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलले की नाही, याची चौकशी मात्र तो आतापासूनच दर आठवड्याला करतो.