स्मरणाचें स्वस्त पुण्य

थोर पुरुषाच्या पश्चात् त्याचें गुणगान करणें, हें आमच्या समाजांतील सर्वांत स्वस्त पुण्य होय. गोंडी भाषेचे पंडित मोतीरावण कंगाली 2015 सालीं निवर्तले. त्यांना 'भाषाप्रेमी' म्हणून गौरविणारे आज पुष्कळ आहेत. परंतु या गौरवांतच एक लबाडी दडलेली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रामटेक तालुक्यांतील दुलारा गांवीं 1949 सालीं जन्मलेला हा गोंड पुरुष नागपुरास रिझर्व्ह बँकेंत नोकरीस होता. बँकेचें काम पोटासाठीं, गोंडीचें काम जिवासाठीं. पत्नी चंद्रलेखा याही लेखिका. म्हणजे जें कार्य एखाद्या विद्यापीठानें करावयाचें, तें एका संसारानें अंगावर घेतलें. सिंधु लिपि गोंडीच्या आधारें वाचल्याचा त्यांचा दावा विद्वानांत सर्वमान्य झाला नाहीं. त्याची चिकित्सा अवश्य व्हावी. पण 2011 च्या जनगणनेप्रमाणें सुमारें 30 लक्ष लोकांची जी मातृभाषा, तिची सेवा एका बँकनोकरास फावल्या वेळांत कां करावी लागली, याची चिकित्सा कोण करणार?

कोणी म्हणतील, हीच तर निष्ठा! निष्ठा खरीच, परंतु एकाच्या निष्ठेनें इतरांचें कर्तव्य फिटत नाहीं. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचेंच पाहा. शहरास लागलेल्या लोहाऱ्यापासून झरी-जामणीच्या रानापर्यंत ज्यास आम्ही आपला मुलूख म्हणतों, तो गोंड-कोलामांचाही आहे. त्या कोलामीचें व्याकरण 1955 सालीं प्रसिद्ध केलें, तें कॅलिफोर्निया विद्यापीठानें! शेजाऱ्याची भाषा समुद्रापलीकडच्यांनीं अभ्यासावी, आणि आम्हीं तिला 'बोली' म्हणून हात झटकावे!

अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, असें राज्यघटनेचें 350-क कलम 1956 पासून सांगत आहे. तरीही गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें 2019 सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हां पुढें शिक्षणखात्यानें तिला अनधिकृत ठरविलें. सरकारनें करावयाचें तें गांवानें केलें, हाच काय तो अपराध!

2024 सालीं मराठीस अभिजात दर्जा मिळाला. आम्हांसही त्याचा अभिमान वाटतो. परंतु स्वभाषेच्या उपेक्षेचें दुःख ज्यांनीं भोगिलें, त्यांनींच शेजारणीची उपेक्षा करावी, हें अभिजाततेचें लक्षण नव्हे. कंगालींचें स्मारक उभारावयाचेंच असेल, तर पुतळा नको; गोंडी व कोलामी शिकविणारा पगारी शिक्षक नेमा. पहिल्या दिवशीं शाळेंत आलेलें कोलामाचें पोर आपल्या भाषेंत उत्तर देईल आणि गुरुजींना तें समजेल, त्या दिवशीं आमच्या श्रद्धांजलीस अर्थ येईल. तोंवर ती केवळ तोंडपाटिलकी.