वॉरंटी कोणाची, पुरावा कोणाचा?

मोटारगाडीच्या मालकाची तक्रार हा समाजवादी साप्ताहिकाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. जेथे कोट्यवधी माणसे एस.टी.च्या फलाटावर तासन्‌तास ताटकळत उभी असतात, तेथे गाडी नादुरुस्त झाली म्हणून कुरकुरणाऱ्याचे अश्रू पुसण्यात चळवळीने वेळ का दवडावा, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोडही वाटतो. स्वस्त, पुरेशी आणि वेळेवर धावणारी सार्वजनिक वाहतूक ही मागणी खाजगी मोटारीच्या कोणत्याही प्रश्नाच्या आधीची आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो मोटारमालक असतो तो जुन्या काळातला, बंगल्यापुढे अ‍ॅम्बॅसिडर उभी करणारा. आजच्या नाशिकमधला मोटारमालक पाहावयाचा तर त्र्यंबकेश्वराच्या वाहनतळावर, शिर्डीच्या रस्त्यावर किंवा पहाटे कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्या पिकअपच्या चाकामागे पाहावा लागेल. भाविकांना वणीच्या गडाला नेणारा, निफाड-दिंडोरीची भाजी वाशीच्या बाजारात पोहोचविणारा हा माणूस कागदोपत्री मालक असतो. प्रत्यक्षात गाडीवर बोजा बँकेचा अथवा वित्तसंस्थेचा असतो आणि त्याच्या वाट्याला येतो तो दरमहाचा हप्ता. गाडी कार्यशाळेत आठ दिवस उभी राहिली म्हणून हप्ता आठ दिवस थांबत नाही.

त्यात नाशिकचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हे शहर गाड्या विकत घेते तसेच घडवतेही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ ही नावे देशभर गेली ती महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यातून. २००७ मध्ये महिंद्र आणि रेनॉ यांची लोगान याच शहरात बांधली जाऊ लागली. डिझेल इंजिनाचे इंधन-उपकरण बनविणाऱ्या मायकोचे नाव बदलून बॉश झाले, तरी नाशिककर चौकाला मायको सर्कलच म्हणतो. सातपूर-अंबडच्या लहानमोठ्या कारखान्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग तयार होतात. म्हणजे यंत्र जाणणारी माणसे या शहराला अपरिचित नाहीत. तरीही सुटा भाग स्वतःच्या हातांनी घडविणारा कामगार ग्राहक म्हणून विक्रेत्याच्या खिडकीपाशी उभा राहिला, की त्याच्या ज्ञानाची किंमत शून्य होते. येथे कोणा एका कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रश्न नाही. सगळ्यांचे करारनामे जवळजवळ एकाच घाटाचे आहेत आणि दोष आहे तो त्या घाटात.

वॉरंटी म्हणजे हमी, असे ग्राहकाला विक्रीच्या वेळी सांगितले जाते. वस्तुतः ती एका पक्षाने लिहिलेला, दुसऱ्याने न वाचता सही केलेला करार असतो. दोष आहे की नाही हे ठरविणार कंपनी, तो उत्पादनातला की वापरातला हेही ठरविणार कंपनीच, आणि घासून झिजणारे भाग हमीबाहेर. क्लच किंवा ब्रेक लवकर गेला, तर चालकाच्या पायाला दोष देणे सर्वांत सोपे. गाडी दुरुस्तीला दिल्यावर ‘जॉब कार्ड’ नावाचा जो कागद तयार होतो, त्याची भाषा न्याहाळण्यासारखी असते. ग्राहक सांगतो, घाटात चढणीवर गाडीची ताकद तुटते. कागदावर उतरते, ‘पिकअपसंबंधी तक्रार, तपासणीत दोष आढळला नाही.’ तपासणी झालेली असते कार्यशाळेभोवतालच्या सपाट रस्त्यावर! दुसऱ्या खेपेस सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याची नोंद होते, तिसऱ्या खेपेस निरीक्षणाखाली ठेवल्याची. मालक चौथ्यांदा येतो, तेव्हा त्याच्याजवळ तीन कागद असतात आणि तिन्ही त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

याचा राग पुष्कळदा मेकॅनिकवर निघतो. तो अनाठायी होय. हमीखालील कामाचे पैसे वितरकाला कंपनीकडून मिळवावे लागतात, कंपनीने दावा नाकारला तर खर्च वितरकाच्या अंगावर पडतो; साहजिकच दोष ‘न आढळणे’ हेच वितरकाच्या सोयीचे असते. ही सोय राखण्याचे काम मात्र तुटपुंज्या पगारावरील शिकाऊ किंवा कंत्राटी पोराकडे येते. त्याच्यावर दिवसाकाठी ठराविक गाड्या बाहेर काढण्याचे दडपण असते. दोघे श्रमिक समोरासमोर उभे राहून एकमेकांवर खेकसतात आणि ज्याने नियम केले तो दोघांनाही दिसत नाही.

बाहेरच्या गॅरेजकडे जावे, तर तोही मार्ग बराच काळ अडवून धरलेला होता. २०११ मध्ये दाखल झालेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि दोष शोधणारी संगणकीय उपकरणे या कंपन्यांनी खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत, हा त्यातील निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणासाठी सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी पुढे न्यायालयीन लढाया केल्या, तो भाग निराळा. पण या आदेशाने जे उघड केले ते मूलभूत आहे. मक्तेदारी आता केवळ गाडी बनविण्याची नाही, गाडी का बिघडली हे जाणण्याचीही आहे. परवाना-राज्यात हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्यांपुढे ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असे. स्पर्धा आली की ग्राहक राजा होईल, असे तेव्हा छातीठोकपणे सांगण्यात येत होते. स्पर्धा आली. विक्रीच्या दालनात ग्राहक खरोखरच राजा झाला. रांग सरकून कार्यशाळेच्या दाराशी गेली, इतकेच.

न्यायसंस्थेने या प्रश्नी घेतलेल्या भूमिका एकाच दिशेच्या नाहीत. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले, की हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचे बंधन असेल, तर सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. पुढे गोव्यातील एका ग्राहकाने तक्रार केली, की २०११ सालची म्हणून आपल्याला २००९ ची, आधीच काही अंतर धावलेली गाडी देण्यात आली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले गेले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. कंपनी आणि वितरक हे परस्परांशी दोन स्वतंत्र व्यापारी म्हणून वागतात, वितरकाचे कृत्य कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही, ही त्यामागील भूमिका. करारकायद्याच्या चौकटीत ती तर्कशुद्ध असेल. परंतु ग्राहकाने वितरकाचे नाव पाहून गाडी घेतलेली नसते. दालनावर फलक कंपनीचा, कामगाराच्या अंगावर गणवेश कंपनीचा, जाहिरात कंपनीची. जबाबदारीची वेळ आली की मात्र दोघे परके! याउलट एप्रिल २०२२ मध्ये अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात ह्युंदाईविरुद्धचा गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने कायम केला, आणि धडकेचा वेग व बल यांचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा धरता येणार नाही, असे म्हटले. हेच तत्त्व गिअरपेटीला आणि इंजिनालाही लागू व्हावयास हवे. ते अद्याप नीटसे लागू झालेले नाही.

कारण, उत्पादनदोष सिद्ध करण्याचा भार प्रायः तक्रारदारावरच येऊन पडतो. ज्या दोषाची परीक्षा तज्ज्ञांशिवाय होऊ शकत नाही, त्याबाबत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद केली आहे. पण तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावयाचे. आणि प्रयोगशाळा कोणती? पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, ही मान्यवर संस्था आहे, परंतु तिच्या सदस्यांत वाहन उद्योगच आहे. नाशिकला तर केंद्राच्या योजनेतून व्यावसायिक वाहनांची यंत्राद्वारे तपासणी करणारे केंद्र उभारण्यात आले. टॅक्सीवाल्याची आणि टेम्पोवाल्याची गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही, हे शासन यंत्र लावून पाहते, योग्य नसेल तर दाखला अडविते. ते उचितही आहे. मग त्याच माणसाला विकलेली नवी कोरी गाडी मुळात धड होती की नाही, हे पाहण्यासाठी तसेच एखादे सार्वजनिक केंद्र का असू नये? शासकीय तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, सेवानिवृत्त अभियंते, यांपैकी काहीही नाशिकमध्ये दुर्मिळ नाही.

नव्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे एक प्रकरण घातले गेले, त्याचा बराच गाजावाजा झाला. बारकाईने वाचले तर असे दिसते, की तेथे हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूला पोहोचलेली हानी आणि व्यापारी वा आर्थिक नुकसान वगळलेले आहे. म्हणजे गाडी पेटून माणूस भाजला तर हे प्रकरण धावून येईल, गाडी तीन महिने कार्यशाळेत पडून माणूस कर्जबाजारी झाला तर नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेला गाड्या परत बोलाविण्याचा अधिकारही पर्यावरणास किंवा चालक व इतर रस्ता वापरणाऱ्यांस धोका असेल तेव्हाचा. एकतर्फी करारनाम्यास आव्हान देण्याची सोय आहे, पण ती जिल्हा आयोगापुढे नाही, राज्य आयोगापुढे. अमेरिकेत १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने कायदा करून हा गुंता सरळ सोडविला. तोच दोष चार वेळा प्रयत्न करूनही न निघाल्यास, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत अडकल्यास, दोष आहे असेच धरावे आणि गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे. पुढे अन्य राज्यांनी तो कित्ता गिरविला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे चालते, ते येथे उद्योगाला जाचक कसे ठरेल?

ग्राहक चळवळ ही मध्यमवर्गाची करमणूक, अशी एक कुचेष्टा डाव्या वर्तुळांत पूर्वीपासून ऐकू येते. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल आणि धान्य हा राजकारणाचा विषय झाला. दोनच वर्षांनी बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पहिल्या धाग्याचा दुसऱ्याशी सांधा जुळविण्यात समाजवादी कमी पडले, असे म्हणणे भाग आहे. वस्तू महाग असणे आणि महाग घेतलेली वस्तू निकामी निघणे, या दोन्हींत श्रमाचाच पैसा जातो.

नाशिकच्या कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम अगदी साधे आहे. स्वतःच्या निर्वाहासाठी गाडी चालविणारा हा ‘व्यापारी’ नव्हे, ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रिक्षावाल्याचे उदाहरण देऊन स्पष्ट केले आहे. कित्येक टॅक्सीचालकांना ते आजही ठाऊक नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत उतरली पाहिजे, असा आग्रह टॅक्सी संघटनेने धरला, प्रत्येक खेपेची तारीख आणि किलोमीटर नोंदविणारी वही ठेवली, एकाच दोषाच्या दहा मालकांना एकत्र बसविले, तर विखुरलेली कुरकुर पुराव्याचे रूप घेऊ लागेल. मात्र हे लवकर व्हावयास हवे. कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत घातली आहे, आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ असे ऐकून मालक घरी परततो तेव्हाही ती मुदत चालूच असते.